मी जाळलेला बरबडा

माझ्या मुलीच्या सासरी, घरामागच्या पट्ट्यावर मी तणनाशक फवारलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. त्याचा आळ दुसऱ्या माणसावर आला तेव्हा मी तिथंच उभा होतो आणि गप्प बसलो.

आमच्या गावच्या वाचनालयाने दिवाळी अंकासाठी संभाजीनगरच्या प्रवासावर लिहायला सांगितलं, तेव्हा संपादकांना वाटलं असणार की मी वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला असं काही लिहीन. यातलं मी काहीच पाहिलं नाही. जे पाहिलं आणि जे केलं तेवढंच लिहितो. आमच्याकडचे बरेच लोक तिकडं कधी गेलेले नाहीत, आणि न जाता त्या मुलखाबद्दल बरंच काही बोलतात. मीही बोलायचो.

माझं कराडजवळ खतं, बियाणं आणि औषधांचं दुकान आहे हे गावाला माहीत आहे. रेणुका माझी एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिनं लग्न केलं ते आम्हाला विचारून नव्हे, सांगून. अंकुश मुलगा चांगला, शिकलेला, कारखान्यात नोकरीला. पण घर धनगराचं, मेंढरं राखणारं. आम्ही ऊसवाले. मी लग्नाला गेलो, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो आणि गाडीची वेळ झाली म्हणून न जेवता निघालो. गाडीला भरपूर वेळ होता. त्यानंतर मी त्या उंबऱ्याला पाय लावला नाही. यंदा रेणुकाला दिवस गेले, सातवा लागला, आणि पितृपक्षात ती सासूकडे वस्तीवर राहणार असं कळलं, तेव्हा बायकोनं मला जवळजवळ ढकललंच. निघताना म्हणाली, "जाऊन या. फक्त तिथं शहाणपणा शिकवू नका."

बॅगेत तिनं पेढे आणि गुळाची ढेप भरली. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून मी दुकानातून भाजीपाल्याच्या बियाण्याच्या पुड्या घेतल्या, आणि तणनाशकाची एक बाटली व छोटा हातपंप. माझ्या हाताशी दुसरं काय असतं? कुणाकडे मिठाई असते, कुणाकडे कापड असतं.

चिकलठाणा

अंकुश स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. पाया पडला, बॅग पुढे टाकीवर घेतली. जालना रोडनं जाताना पाट्यांवर शहराचं नवं नाव होतं आणि आमच्या शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं. चिकलठाण्याला एका बाजूला कारखान्यांच्या भिंती आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारती, मधे एखादं बाभळीचं झाड राहून गेलेलं. त्याच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. स्वच्छ होत्या. मी उगाचच धूळ शोधत होतो हे मला नंतर कळलं.

रात्री शहरात नेऊन नान-खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, खाऊ घालतो म्हणाला. पितृपक्ष आहे, मला चालत नाही, असं मी सांगितलं. खरं तर आमच्याकडे तेवढं कडक कुणी पाळत नाही. मग त्यानं स्वतः पिठलं केलं आणि मिरच्या परतल्या. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, पण चांगलं झालंय हे म्हणायला विसरलो.

पाचोड

दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती, म्हणून अंकुशनं मला बीड रोडच्या बसमध्ये बसवलं. पाचोडचा आठवडी बाजार होता आणि माझ्या विहीणबाई तिथंच भेटणार होत्या. आमच्याकडचा बाजार भाज्यांनी हिरवा असतो. इथं रंग वेगळा: मिरच्या, लसणाचे ढीग, दोरखंड, लोखंडी पाट्या, एका कडेला शेळ्यांचा बाजार, आणि गूळ चढवलेल्या गोडीशेवेच्या पराती.

गिरजाबाईंना मी लग्नात एकदाच पाहिलं होतं. त्यांनीच मला ओळखलं. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, हातात पितरासाठी घेतलेल्या सामानाची पिशवी. जवळ येऊन म्हणाल्या, "काय इवाई, तीन वर्सं रस्ता घावंना का काय?" तिकडे व्याह्याला इवाई म्हणतात.

बाजूच्या भजीवाल्यासकट चारजण हसले. मी दुकानाचं काम, ऊसतोडीचा हंगाम असं काहीबाही सांगितलं. "बरंय," त्या म्हणाल्या, "हंगाम संपला म्हणायचा." आणि पावशेर गोडीशेव घेऊन कागदासकट माझ्या हातात ठेवली. बाजारात उभ्यानं खायची मला सवय नाही. त्या बघत राहिल्या, तेव्हा खाल्ली.

वस्ती

पाचोडपासून जीपनं थोडं, मग पायी. रस्त्यात दोन्हीकडे कपाशी, आणि मधून मधून मुरमाड माळाचे तुकडे. गिरजाबाई चालता चालता सांगत होत्या. त्यांच्या सासऱ्यांना पोलीस ॲक्शनचे दिवस आठवायचे. तोवर हे कुटुंब मेंढरांमागं फिरतं होतं. निजामाचं राज्य गेल्यानंतर कधीतरी त्यांनी या ओढ्याकाठी पहिली कुडाची घरं उभी केली. आता पत्र्याचं घर आहे, विटांची भिंत आहे, थोरला मुलगा भानुदास मेंढरं राखतो आणि थोडी बाजरी करतो.

मी येताच भानुदासनं बाजेवरची वाकळ काढली आणि घोंगडी अंथरली. आमच्याकडे पाहुण्याला खुर्ची देतात. घोंगडी पाहून मला वाटलं, खुर्ची नसेल. रेणुकानं कानाशी येऊन सांगितलं, "अण्णा, ती घोंगडी रोज कुणासाठी काढत नाहीत." तिचं पोट चांगलंच पुढं आलं होतं. चालताना कमरेवर हात ठेवत होती, अगदी तिच्या आईसारखा. जेवायला येसराची आमटी होती, भाजलेल्या धान्याची आणि मसाल्याची पूड लावून दाट केलेली, सोबत बाजरीची भाकरी. आमटी चुरून खायची पद्धत मला जमेना. भानुदासनं माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी कुस्करून दिली आणि म्हणाला, "उसाच्या मुलखात ऊस सोलायला दात हायेत म्हनून बोटं वापरत नाय व्हय?" मीसुद्धा हसलो. त्या घरातला माझा तेवढाच एक मोकळा वेळ होता असं आता वाटतं.

सकाळी गिरजाबाई रेणुकाला घेऊन पाचोडच्या दवाखान्यात तपासणीला गेल्या. भानुदास मेंढरं घेऊन गेला. मी एकटा.

घराच्या मागं ओढ्यापर्यंत उतरती, रेताड जमीन आहे. शेळ्यांच्या वाड्याच्या पलीकडे, ओढ्याच्या कडेनं, एक पट्टा गुडघाभर हिरवा माजलेला होता. त्याच्या मधूनच पायवाट न्हाणीघराकडे जात होती. तीन-तीन पानं, पानांच्या बगलेत चिमुकली लालसर फुलं, तिळाएवढ्या दातेरी शेंगा धरू लागलेल्या. मी हे झुडूप ओळखतो. बरबडा. दुकानात येणारा शेतकरी हे उपटून आणतो आणि विचारतो, याला काय मारू? मी बाटली काढून देतो. माझ्या लेखी ते तण, दुसरं काही नाही.

पायवाटेच्या कडेला सापाची कात पडली होती. माझी गरोदर मुलगी दिवसातून चार वेळा इथून जाते हे मनात आलं. आणि खोटं कशाला लिहू, दुसरंही मनात आलं: घरामागं एवढं रान माजलंय आणि यांना त्याचं काही नाही. मी बाटली काढली, हौदातून पाणी घेतलं, आणि पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओला केला. सुटा, बारीक फवारा, पानाच्या वरून आणि खालून. काम चांगलं केलं. हात धुतले, पंप वाळवून बॅगेत ठेवला. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं वाळेल, तेव्हा सांगायचं असं ठरवलं. त्या लग्नात न जेवता गेलेल्या माणसानं काहीतरी उपयोगाचं करून दाखवलं, असं मला वाटत होतं.

ऊन उतरल्यावर गिरजाबाई आल्या आणि मला म्हणाल्या, "या इवाई, तुमाला मपल्या सासूचं रान दावते."

मपल्या म्हणजे माझ्या. मला वाटलं, बाजरीकडे नेतायत. गिरजाबाई त्या पट्ट्याजवळ जाऊन थांबल्या. वाकून त्यांनी एका फांदीची शेंग चिमटीत धरली, अजून कोवळी आहे म्हणून सोडून दिली. आणि जे सांगितलं ते मी जमेल तसं इथं देतो.

बहात्तरच्या दुष्काळात या मुलखात काही उरलं नव्हतं. गिरजाबाई तेव्हा लहान, दुसऱ्या गावी. इथं त्यांची सासू होती. ती माळावर जाऊन वाळलेला बरबडा झोडायची, शेंगा कुटायची, पाखडायची, आणि ते राईपेक्षा बारीक कठीण बी भिजवून, मिळेल त्या मूठभर ज्वारीत दळून भाकरी करायची. कडू असायची. बांधाच्या पलीकडे पाटलाचं घर, जमीनवालं, पण त्या वर्षी जमीन आणि माळ सारखेच झाले होते. पाटलीणबाई रात्रीच्या अंधारात जात्यावर यायची, कुणी बघू नये म्हणून. पाटलाचं पोरगं दगडू तेव्हा पाच-सहा वर्षांचं. त्याला धनगरणीनं या भाकरीचा घास स्वतःच्या हातानं चारला.

"मरताना सासू म्हनली, माज्या पितराला पुरणपोळी करा, तुमाला खायाची आसंल तर. मपल्या पानावर बरबड्याचा तुकडा पायजे. आन दगडूचं पान माज्या शेजारी मांडा."

तेव्हापासून दरवर्षी पितराच्या दिवशी दगडू पाटील बांध ओलांडून येतो. त्याला एक तुकडा, घरातल्या प्रत्येकाला एक, आणि कावळ्याच्या पानावर एक. त्याच्या मुलांचं आणि भानुदासचं पाण्यावरून वाजतं, बांधावरून वाजतं. पण त्या दिवशी पान मांडलं जातं.

मी विचारलं, दुसरीकडे नाही का मिळत? त्या म्हणाल्या, "पहिलं माळभर व्हता. आता माळ कुटं हाय? शेतात दिसला की मारत्यात. शेळ्यांनी खाल्ला, प्लॉटवाल्यांनी खाल्ला. म्हनून हितं राखून ठिवलाय. शेळीसुदिक सोडत नाय आत. मागल्या साली पाऊस लवकर गेला, बी धरलंच नाय. गाडग्यात मूठभर ऱ्हायलंय. औंदा लई चांगला आलाय बगा."

संध्याकाळच्या उन्हात पट्टा हिरवागार दिसत होता. औषध पानांत उतरत होतं हे फक्त मला माहीत होतं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हो, चांगला आलाय."

शेळ्या

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून माझ्या डोक्यात एकच भीती. शेळ्या आत सोडत नसल्या तरी एखादी कुंपणातून घुसतेच, आणि ते औषध पोटात गेलं तर जनावर वाचत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज बजावतो. म्हणून मी काठी घेतली आणि धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत पट्ट्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. दुपारपर्यंत उभा होतो. एक काळी शेळी होती, तिला माझी दया नव्हती. ती उजवीकडून आली की मी उजवीकडे, डावीकडून आली की डावीकडे.

भानुदास वाड्याशी बसून बघत होता. "इवाई," तो म्हणाला, "राखणीला ठिवलंय व्हय तुमाला? पगार मायला मागा, मपल्याकडं नाय."

मी म्हणालो, आईंचं रान आहे, राखलेलं बरं. तो गंभीर झाला. आत जाऊन त्यानं गिरजाबाईंना सांगितलं असावं, कारण त्या माझ्यासाठी पितळी तांब्यातून ताक घेऊन आल्या आणि तो माझ्या हातात दिला. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जी माया होती तिचा मी धनी नव्हतो. ताक प्यायलो.

ऊन तापलं तशी पानं मरगळली. आधी कडा, मग मधे तपकिरी ठिपके. तिसऱ्या प्रहरी सगळा पट्टा भाजून काढल्यासारखा झाला होता.

गिरजाबाई पट्ट्यात शिरल्या. एक फांदी तोडली, हुंगली. भानुदास म्हणाला, ह्यो रोग नाय, हे औषध हाय. आणि दोघांनीही बांधापलीकडे पाहिलं. त्याच आठवड्यात दगडू पाटलानं कपाशीच्या ओळींत तणनाशक मारलं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं. वारं तिकडून इकडं असतं.

दगडू पाटील तिथंच होता. उंच, वाकलेला माणूस, डोक्याला टॉवेल. त्याच्या शेतात खुरपणीच्या बायका होत्या. गिरजाबाई बांधावर गेल्या. त्यांच्यामागं भानुदास, त्याच्यामागं मी. मी का गेलो मला माहीत नाही. कदाचित सांगण्यासाठीच गेलो होतो.

"दगडू, सासूनं तुला चारलेलं जाळलंस का रं?"

त्याला आधी काही कळलंच नाही. मग पट्टा दिसला. तो म्हणाला, "वैनी, मी इकडच्या चार वळी औषध न मारता सोडल्यात. दर साली सोडतो. इचारा या बायांना."

"त्या तुज्या रोजाच्या बाया. त्या काय म्हनणार?"

"माज्या लेकराची आन घेऊ का?"

"आन घेऊन हिरवं व्हनार हाय का ते?" गिरजाबाईंचा आवाज फुटला. "परवा तुजं पान मांडत नाय मी. सासूला काय सांगायचं ते मी सांगन."

बायकांनी खुरपी थांबवली होती. दगडू पाटलानं डोक्यावरचा टॉवेल काढला, हातात धरला, आणि पुन्हा बांधला. त्याची नजर एकदा माझ्यावरून गेली. पाहुण्यासमोर अपमान झाला, एवढंच तिच्यात होतं. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी खाली कपाशीच्या बोंडांकडे बघत राहिलो, आणि बोंडअळी लागलीय का हे माझ्या मनात आलं. त्या वेळी मनात तेच आलं, म्हणून लिहितो.

शहागंज

दुसऱ्या दिवशी शहरात काम आहे असं सांगून मी निघालो. माझी योजना अशी होती: बरबड्याचं बी विकत आणायचं, गिरजाबाईंना द्यायचं, म्हणजे पितरही होईल आणि पेरायलाही होईल, मग दगडू पाटलावरचा राग आपोआप निवेल, आणि मला काही बोलावं लागणार नाही. मी दुकानदार आहे. काहीही कुठंतरी विकत मिळतंच, अशी माझी समजूत.

शहागंजात जडीबुटीची जुनी दुकानं आहेत असं अंकुश म्हणाला होता. गर्दीतून, फळांच्या गाड्यांमधून, कापडाच्या दुकानांच्या पुढं एक लांबट काळोखं दुकान सापडलं. डब्यांच्या उतरंडीखाली एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसले होते. "क्या होना चाचा?" त्यांनी विचारलं, ते माझ्याहून मोठे असूनही.

मी बरबड्याचं नाव सांगितलं, वर्णन केलं, हातानं शेंगेचा आकार दाखवला. त्यांनी धीरानं एकेक डबा काढला. बावची. टाकळ्याचं बी. मग सरफोंका, म्हणजे आपली उन्हाळी, बरबड्याचीच चुलत बहीण. "ये लेव, खून साफ करता." मी म्हणालो, हे नव्हे, ते दुष्काळात खायचे. त्यांनी डबा बंद केला.

"कहत में खाने की चीज दुकान में नै रखते," ते म्हणाले. कहत म्हणजे दुष्काळ. "बीमारी की होती तो रखते. वो जिस कू भूक लगी उस कू जंगल में मिलती थी." मग सौम्यपणे विचारलं, "घर में किसी कू होना क्या?"

मी हो म्हणालो. त्यांनी मला पाणी पाजलं. दोन-तीन दुकानं आणखी फिरलो. एकानं मोहरीसारखं काहीतरी दाखवून हेच म्हणून सांगितलं; मी बियाण्याच्या धंद्यात आहे, मला ते पटण्यासारखं नव्हतं, तरी क्षणभर घ्यावं असं वाटलं. फसवायचं असेल तर निदान नीट फसवावं, या विचारापर्यंत मी आलो होतो. तिथून मात्र परत फिरलो.

चिकलठाण्याला गेलो नाही. अंकुशचा फोन आला. त्याला भावानं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मामा, रविवारी मी येतो आन दगडूकाकाशी बोलतो. असं कसं करतील ते? लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसून जत्रेला गेलोय." त्याचा आवाज रागापेक्षा जास्त दुखावलेला होता. मी म्हणालो, बघू. बसमध्ये पाचोडपर्यंत मी तो एकच शब्द मनात घोळवत बसलो.

वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. रेणुका दारात बसून पितरासाठी गवार निवडत होती. गिरजाबाई वाड्यात दूध काढत होत्या. मी शेजारी बसलो. तिनं वर न बघता विचारलं, "मिळालं का बी?"

मी कशासाठी गेलो होतो ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"परवा तुमचा सदरा मी धुतला, अण्णा," ती म्हणाली. "त्याला दुकानाचा वास होता. त्या वासात मी लहानाची मोठी झालेय. तुम्ही रात्री आलात की आई म्हणायची, आधी सदरा काढा, मग पोरीला घ्या."

"तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"वाट बघत होते. तुम्ही बांधावर गेलात तेव्हा वाटलं, आता सांगतील." ती शेंगा मोडत राहिली. सासूला ती आत्या म्हणते. "मी आत्यांना सांगणार नाही. हे मी केलेलं नाही. पण उद्या दगडूकाकांचं पान नसेल तर मी पण बसणार नाही. कारण विचारलं तर गप्प बसेन. मग ह्या घरात काय समजायचं ते समजतील."

मी म्हणालो, तुझ्या काळजीनंच केलं गं, साप होता तिथं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "अण्णा," ती म्हणाली, "लग्नात तुम्ही न जेवता गेलात, तेव्हा आत्यांनी तुमचं ताट झाकून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. मी तुम्हाला कधी बोलले नाही."

एवढं बोलून ती गवार घेऊन आत गेली.

पितर

सकाळी घर सारवलेलं होतं. चुलीवर डाळ शिजत होती. गिरजाबाई जात्यापुढं बसल्या होत्या, समोर मातीचं गाडगं. त्यांनी ते सुपात उपडं केलं. खरंच मूठभरच होतं, काळपट, बारीक, वाळूसारखं. त्या बोटानं ते दोन भागांत करत होत्या आणि पुन्हा एकत्र करत होत्या. दळलं तर पेरायला नाही, पेरलं तर पानावर नाही.

मी पुढं जाऊन जमिनीवर बसलो. म्हणालो, "विहीणबाई, दगडू पाटलांनी नाही जाळला. मी जाळला. तुम्ही दवाखान्यात गेला होता तेव्हा. माझ्या बॅगेत औषध होतं."

त्यांचं बोट सुपात थांबलं.

"आन तुमी बांधावर व्हता," त्या म्हणाल्या.

"होतो."

"शेळ्या हाकीत व्हता ते यासाठी?"

"हो."

"एखादी मेली आसती तर?"

मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हात वर केला. मग त्यांनी चिमूटभर बी जात्यात टाकलं, बाकीचं परत गाडग्यात भरलं, तोंडाला फडकं बांधलं. जातं एकदा फिरवलं. म्हणाल्या, नखाएवढा तुकडा होईल. सासूला पुरे. रानाचं काय, रेतीत जुनं बी असतंच काही, पाऊस पडला की कळेल.

"मला काय सांगता इवाई? मी त्याला चार बायांपुढं बोलले. लेकरासारखा माणूस, मान खाली घालून गेला. तुमी बी त्या चार बायांपुढंच बोला. आत बोलावून कानात नाय. मंग त्याला म्हना, वैनीनं पान मांडलंय. आन त्यानंतर मी येते, मपली माफी मी मागते."

रेणुका चुलीशी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मी निघालो. जळालेल्या पट्ट्यातून पायवाट जाते. पायाखाली काड्या मोडत होत्या. बांधापलीकडे खुरपणी चालू होती, बायका ओळीनं बसलेल्या, दगडू पाटील त्यांच्या पुढं पाठमोरा. मी बांधावर उभा राहून हाक मारली. त्यानं वळून पाहिलं, गिरजाबाई मागं आहेत का ते बघितलं, आणि पुन्हा वाकून गवत उपटायला लागला. बायका मात्र थांबल्या. त्यातल्या एकीनं पदर तोंडाला लावला. माझ्या गिऱ्हाइकांशी मी ज्या आवाजात बोलतो तो आवाज मला सापडेना, म्हणून जो होता त्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"दगडूभाऊ, तुमचा काही दोष नाही. तो बरबडा मी जाळला, न विचारता. परवा तुम्हाला बोल लागले तेव्हा मी इथंच उभा होतो, मला सगळं माहीत होतं, आणि मी भ्यालो म्हणून गप्प बसलो. मी तुमची माफी मागतो, या बायांसमोर मागतो. वहिनींनी तुमचं पान मांडलंय. तुम्ही याल तर मी तुमच्या शेजारी बसेन, आणि मी नको असेन तर बाहेर उभा राहीन. पण तुम्ही या."